पेशीबाहेर पडणारा इलेक्ट्रॉन

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत लोहाशी व्यवहार करणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास रुजला तो सोन्याच्या निमित्तानं. धातुशास्त्र विभागातले प्रा. के. ए. नटराजन आणि त्यांचे विद्यार्थी १९८०च्या दशकापासून ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूवर काम करत आले. कर्नाटकातल्या जी. आर. हळ्ळीच्या खनिजात सोन्याचे बारीक कण पायराइट आणि आर्सेनोपायराइट या सल्फाइड खनिजांच्या पोटात असे अडकलेले असतात की सायनाइडचं द्रावण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हा जिवाणू फेरस लोहाचं फेरिक लोह करतो, फेरिक लोह सल्फाइडचं कवच फोडतं आणि सोनं मोकळं होतं. हट्टी गोल्ड माइन्ससाठी झालेल्या या कामामुळे कर्नाटकात ‘खाणकाम करणारे जिवाणू’ ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर पडली.

या जिवाणूच्या दुसऱ्या गुणाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. त्याला ऑक्सिजनशिवाय ठेवलं आणि खायला गंधक दिलं, तर तो नेमकं उलटं काम करू लागतो: फेरिक लोहाचं फेरस. थॉमस ब्रॉक आणि गुस्टाफसन यांनी हे १९७६ साली दाखवलं होतं. म्हणजे लोहाला इलेक्ट्रॉन देणं आणि लोहाकडून घेणं, दोन्ही कामं एकाच पेशीला जमतात. त्यातलं घेण्याचं काम या जिवाणूत बरंच समजलेलं आहे. बाह्यपटलात सायक-टू नावाचं सायटोक्रोम, त्याच्या आत रस्टिसायनिन हे तांबं बाळगणारं निळं प्रथिन, आणि तिथून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे. रस्टिसायनिन सामू २ इतक्या आम्लातही शाबूत राहतं; बहुतेक प्रथिनं तिथे केव्हाच उलगडून निकामी झाली असती.

पण खाणीच्या आम्लात लोह विरघळलेलं असतं. नदीच्या गाळात, भाताच्या खाचरात, तळ्याच्या तळाशी, जिथे पाणी ना धड आम्ल ना अल्कली, तिथे फेरिक लोह म्हणजे सरळ गंज. आणि गंज गिळता येत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. कुठल्याही सजीवाचा श्वास म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉनची विल्हेवाट. अन्नातून इलेक्ट्रॉन निघतात, त्यांच्या उतरणीवर पेशी ऊर्जा कमावते आणि उतरणीच्या तळाशी ते कुणीतरी स्वीकारावे लागतात. आपल्याकडे ते ऑक्सिजन स्वीकारतो, आणि ऑक्सिजन निमूटपणे पेशीच्या आत येतो. फेरिहायड्राइट किंवा गोएथाइट या गंजातल्या खनिजांचा कण आत येत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनलाच बाहेर जावं लागतं. आतलं पटल, मधली जागा आणि बाहेरचं पटल ओलांडून. ही पटलं मेदाची, आणि मेद विजेला अजिबात वाट देत नाही.

मग वाट करून देतं कोण? उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच घराण्यात सापडतं: सी-प्रकारची सायटोक्रोमं. यांच्यात हीम नावाची चपटी चकती असते, तिच्या मधोमध लोहाचा एक अणू. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही हीम असतं, पण इथे ते दोन सिस्टीन अमिनो आम्लांनी प्रथिनाच्या साखळीला कायमचं जखडलेलं असतं. इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर उडी मारतो. ही उडी किती लांब असू शकते याचा हिशेब लेस्ली डटन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडला: काम चालू ठेवायचं तर १.४ नॅनोमीटरच्या आत. त्यापलीकडे वेग कोसळतो. म्हणून या प्रथिनांत हीम एकेकटी नसतात. ओढा ओलांडायला टाकलेल्या दगडांसारखी, पायाच्या टप्प्यात, एकामागोमाग एक असतात.

लोहावर श्वास घेणारे जिवाणू खरोखर आहेत हे ठामपणे कळलं १९८०च्या दशकाच्या अखेरीस. डेरेक लव्हली यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जिवाणू वेगळा केला आणि तो फेरिक लोहापासून मॅग्नेटाइट बनवतो असं १९८७ साली प्रसिद्ध केलं. पुढे त्याचं नाव जिओबॅक्टर मेटॅलिरिड्युसेन्स झालं. पुढच्याच वर्षी चार्ल्स मायर्स आणि केन नील्सन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा तळ्यातला, मँगनीजवर श्वास घेणारा जिवाणू सादर केला. त्याला शेवानेल्ला ओनायडेन्सिस हे नाव मिळालं १९९९ साली, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले भारतीय वंशाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कस्तुरी वेंकटेश्वरन. जनुकसंच वाचले गेले तेव्हा शेवानेल्लात सी-सायटोक्रोमची सुमारे ४० जनुकं निघाली. जिओबॅक्टर सल्फरिड्युसेन्समध्ये २००३ साली शंभराहून अधिक. इवल्याशा पेशीला इतकी लागतातच कशाला, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मागे लागलेला आहे.

शेवानेल्लातली वाट आज सगळ्यांत स्पष्ट दिसते. आतल्या पटलात सीवायएम-ए हे चार हीमचं प्रथिन इलेक्ट्रॉन उचलतं. मधल्या जागेत दोन सायटोक्रोमं ते पुढे सरकवतात. खरा अवघड टप्पा बाहेरच्या पटलाचा, आणि तिथे तीन प्रथिनांची जुळणी बसलेली आहे. एमटीआर-बी हे पटलातलं पिंपाच्या आकाराचं पोकळ प्रथिन; त्याच्या पोकळीत आतून घुसवलेलं एमटीआर-ए, दहा हीमचं; आणि बाहेरच्या तोंडाशी बसलेलं एमटीआर-सी, तेही दहा हीमचं. अशी वीस हीमची साखळी, सुमारे १८ नॅनोमीटर लांबीची. ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या गटानं या जुळणीची संपूर्ण रचना २०२० साली ‘सेल’ नियतकालिकात छापली. त्यात दिसलं की एमटीआर-बी हे नुसतं भोक नाही. ते एमटीआर-एला भोवतालच्या मेदापासून आणि मेदाला एमटीआर-एपासून अलग ठेवतं. उघडी हीमं इलेक्ट्रॉन वाटेल तिथे सांडतात आणि ऑक्सिजनशी गाठ पडली तर घातक रसायनं तयार होतात. म्हणून हे वेष्टन.

याच गटानं त्याआधी, २०१३ साली, ही जुळणी कृत्रिम मेदबुडबुड्यांत बसवून बाहेर गोएथाइट, हेमेटाइटसारखी खनिजं ठेवली होती. सुटं एमटीआर-सी जितक्या वेगानं इलेक्ट्रॉन देतं त्याच्या कितीतरी पट वेगानं ते बाहेर पडले, आणि हा वेग जिवंत शेवानेल्लाच्या श्वसनाला पुरेसा होता. या साध्या प्रयोगाची जेवढी वाहवा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष नॅनोवायरकडे गेलं होतं.

नॅनोवायरची गोष्ट मात्र तपशिलात सांगण्यासारखी आहे. २००५ साली जेम्मा रेगेरा, लव्हली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दावा केला की जिओबॅक्टरच्या अंगावरचे केसासारखे पिली वीज वाहून नेतात. पुरावा दोन प्रकारचा. पिलीचं जनुक काढून टाकलं की जिवाणूला गंजावर श्वास घेता येईना. आणि सूक्ष्मदर्शकाच्या वीजवाहक टोकानं पिलीला स्पर्श केल्यावर त्यातून आडवा प्रवाह गेला. पिलीच्या प्रथिनात एकही हीम नाही. तरीही वीज जाते म्हणजे प्रथिनातली सुगंधी अमिनो आम्लं एकमेकांवर रचली जाऊन धातूसारखं वहन घडवत असावीत, अशी मांडणी झाली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०११ साली ‘धातूसारख्या वहना’चा निबंध आला, त्याचे पहिले लेखक होते निखिल मालवणकर. आडनाव वाचून कोकणातल्या वाचकाच्या भुवया उंचावणारच.

आठ वर्षांनी चित्र उलटलं, आणि उलटवणाऱ्यांत मालवणकर स्वतः होते. तोवर ते येल विद्यापीठात स्वतःचा गट चालवत होते. व्हर्जिनियाचे एडवर्ड एगेलमन, कॅलिफोर्नियाचे ॲलन हॉखबाउम आणि मालवणकर यांच्या गटांनी गोठवलेल्या नमुन्यांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून हे तंतू अणूंच्या पातळीवर पाहिले. तिथे पिली नव्हतेच. तंतू बनले होते ओएमसी-एस या सहा हीमच्या सायटोक्रोमपासून: रेणूला रेणू जोडून केलेला मायक्रोमीटर लांबीचा धागा, ज्याच्या गाभ्यातून हीमची अखंड रांग जाते. शेजारच्या दोन हीममधलं अंतर ०.३५ ते ०.६ नॅनोमीटर, म्हणजे डटन यांच्या मर्यादेच्या कितीतरी आत. २०१९ सालीच दुसऱ्या एका गटानंही स्वतंत्रपणे हीच रचना मांडली, त्यामुळे शंकेला जागा फार उरली नाही.

त्यानंतर एकामागोमाग एक धागे हाती लागले. ओएमसी-झेड, आठ हीमचं. विद्युतक्षेत्रात वाढवलेल्या जिओबॅक्टरमध्ये ते तयार होतं आणि त्याची वाहकता ओएमसी-एसच्या हजारपट असल्याचं २०२० साली येलच्या गटानं नोंदवलं. २०२२ साली ओएमसी-ई, चार हीमचं. आणि मूळ पिलीचं काय? यांगकी गू, मालवणकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्यांची रचना उलगडली. पिली वीज वाहतात असं दिसलं नाही; सायटोक्रोमांना पेशीबाहेर ढकलणं हे त्यांचं काम असावं. असं मानलं तर २००५ सालच्या पहिल्या पुराव्याचाही उलगडा होतो: पिली काढले तर धागा बाहेर येणार कसा?

लव्हली यांना हे मान्य नाही. सुगंधी अमिनो आम्लं बदललेल्या पिलीची वाहकता कमी होते, दुसऱ्या जिवाणूत पिली तयार करवून घेतले तरी ते वीज वाहतात, असे त्यांचे मुद्दे आहेत. याच प्रथिनधाग्यांच्या पातळ थरातून, हवेतल्या बाष्पाच्या जोरावर वीज मिळवल्याचा निबंध त्यांनी आणि जुन याओ यांनी २०२० साली प्रसिद्ध केला, तेव्हा ‘हवेतून वीज’ अशा मथळ्यांना ऊत आला होता. पण रचनेचा पुरावा सायटोक्रोमच्या बाजूनं जड आहे. वाद लांबला त्याचं एक कारण तंत्रातही आहे. साध्या सूक्ष्मदर्शकात दोन्ही धागे जवळजवळ सारखेच बारीक दिसतात, आणि त्यांत हीमची रांग आहे की नाही हे रचना मिळेपर्यंत कळत नाही. बंगळुरूत बल्लारी रस्त्यावरच्या एनसीबीएस आणि इनस्टेमच्या आवारात आता राष्ट्रीय क्रायो-ईएम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यांवरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची, सुविधा आहे. भारतीय गाळातल्या जिवाणूंचे धागे या नजरेनं पाहायला अमेरिकेत जाण्याची गरज राहिलेली नाही.

शेवानेल्लाच्या ‘नॅनोवायर’चा निकाल तर वेगळाच लागला. मोहम्मद एल-नागर यांच्या गटानं २०१४ साली दाखवलं की त्या प्रथिनाच्या तारा नसून बाह्यपटलाचेच लांब फुटलेले फाटे आहेत, ज्यांवर तेच एमटीआर-सी आणि त्याची भावंडं बसलेली असतात. शिवाय शेवानेल्ला आणखी एक युक्ती करतो: फ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाच्या कुळातले रेणू बाहेर सोडतो, आणि ते इलेक्ट्रॉन घेऊन खनिजाकडे ये-जा करतात. २००८ साली मिनेसोटात इलेक्ट्रोडवर वाढलेल्या थरातून रायबोफ्लेविन धुऊन टाकलं, तेव्हा इलेक्ट्रॉन जाण्याचा वेग ७० टक्क्यांहून अधिक घसरला.

इथे एक मत नोंदवायला हरकत नाही. धागा छायाचित्रात देखणा दिसतो म्हणून त्याला मान मिळाला, पण पेशीचं जगणं ठरतं ते धाग्याच्या अलीकडे, पटलांत. जिओबॅक्टरच्या आतल्या पटलात इलेक्ट्रॉन उचलणारी वेगवेगळी प्रथिनं आहेत. बाहेरचा स्वीकारणारा चढ्या विभवाचा असेल तर आयएमसी-एच, उतरत्या विभवाचा असेल तर सीबीसी-एल. मिनेसोटाचे डॅनियल बाँड आणि सहकाऱ्यांनी २०१४ ते २०१६ या काळात हे वेगळं करून दाखवलं. बाहेरच्या पटलातही एक जुळणी नाही, पाच आहेत. गंजाला एक संच चालतो, तर इलेक्ट्रोडला दुसराच लागतो. शंभर सायटोक्रोमं लागतात कशाला, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर यात आहे. गाळातला गंज एकसारखा नसतो. ताजा फेरिहायड्राइट सहज इलेक्ट्रॉन घेतो, जुना, घट्ट स्फटिकांचा गोएथाइट नाखुशीनं घेतो, आणि पेशीला दोघांशीही जुळवून घ्यावं लागतं.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात किंवा बेळगाव-खानापूरच्या बाजूला पाणी साचलेल्या भाताच्या खाचराच्या कडेला पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो. त्याला काडीनं टोचावं. तेल असेल तर ते पुन्हा एकत्र येतं. हा तवंग मात्र पापुद्र्यासारखा तडकतो, कोनदार तुकडे होतात. खालच्या चिखलात जिवाणूंनी फेरस केलेलं लोह वर येऊन हवेला भिडतं आणि पुन्हा गंजतं, त्याचा हा पापुद्रा. जांभ्याच्या मातीत लोहाला तोटा नाही, त्यामुळे हा कारखाना दरवर्षी आषाढात सुरू होतो. फेरिकचं फेरस होण्याच्या या क्षपणासोबत मातीत अडकलेला फॉस्फरसही सुटतो आणि भाताला मिळतो.

तळ्यात मात्र हाच फायदा अंगाशी येतो. फेरिक लोह फॉस्फेटला धरून ठेवतं. तळाचा ऑक्सिजन संपला, लोह फेरस झालं की फॉस्फेट पाण्यात उतरतं. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या तळ्यांवरून हे १९४१-४२ सालीच मांडलं होतं. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तळ्याचा फेस २०१५ साली रस्त्यावर आला, २०१७ आणि २०१८ साली तिथे आगी लागल्या, तेव्हा बोट दाखवलं गेलं ते डिटर्जंटमधल्या फॉस्फेटकडे आणि शहराच्या सांडपाण्याकडे, आणि ते बरोबरच होतं. भारतीय विज्ञान संस्थेतले टी. व्ही. रामचंद्र यांचा गट वर्षानुवर्षं तेच सांगत होता. पण नळ बंद केला म्हणून तळं लगेच सुधारत नाही. दशकानुदशकं साचलेला गाळ ऑक्सिजनविना असेल तोवर मॉर्टिमर यांचं रसायन आपला हप्ता वसूल करत राहतं. गाळ काढण्याला पर्याय नाही, तो यासाठी.

बंगालात हीच प्रक्रिया माणसांच्या जिवावर उठली. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळात लोहाच्या खनिजांवर आर्सेनिक चिकटलेलं आहे. नदिया जिल्ह्यातल्या गाळावर केलेल्या प्रयोगांत २००४ साली ब्रिटिश आणि भारतीय संशोधकांनी दाखवलं की लोह-क्षपण करणाऱ्या जिवाणूंना सेंद्रिय खाद्य मिळालं की आर्सेनिक पाण्यात सुटतं. सायटोक्रोमला आर्सेनिकशी काही देणंघेणं नसतं. ते फक्त लोहाला इलेक्ट्रॉन देतं, आणि बाकीचं आपोआप घडतं.

उद्योगांना यात संधी दिसते ती निकेलची. ओडिशातल्या सुकिंद्याच्या क्रोमाइट खाणींवर लॅटेराइटचा जो टाकाऊ थर आहे त्यात निकेल गोएथाइटमध्ये बसलेलं असतं. ॲसिडिथायोबॅसिलसला ऑक्सिजनविना गंधक देऊन गोएथाइट विरघळवायचं आणि निकेल काढायचं, ही पद्धत वेल्समधल्या डेव्हिड जॉन्सन यांच्या गटानं २०११ साली मांडली. म्हणजे हट्टीच्या सोन्यासाठी वापरलेलाच जिवाणू, उलट्या दिशेनं. विजेच्या बाजूला, खरगपूरच्या आयआयटीत मकरंद घांग्रेकर यांनी सांडपाण्यावर चालणारे सूक्ष्मजीवी इंधनघट शौचालयाला जोडून पाहिले. त्यातून मिळणारी वीज दिवा लावण्यापुरती. खरा फायदा पाणी स्वच्छ होण्याचा, आणि तो तसाच सांगितलेला बरा.

आता कर्नाटकाच्या पूर्वेकडचा, सगळ्यांत निकडीचा प्रश्न. भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली कोलार, चिक्कबळ्ळापूर, तुमकूर या पट्ट्यातल्या ७३ गावांचं भूजल तपासलं. ५७ गावांत युरेनियम दर लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, वर निघालं. ग्रॅनाइट आणि नाइसमधून ते पाण्यात उतरतं. आणि जिओबॅक्टर युरेनियमवरही श्वास घेतो: विरघळणारं सहा-संयुजी युरेनियम तो न विरघळणारं चार-संयुजी करून टाकतो. लव्हली यांनी हे १९९१ सालीच दाखवलं होतं. हे काम पिली करतात की सायटोक्रोमं, यावरही तोच वाद झाला.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल गावी हे जमिनीत करून पाहिलं गेलं. भूजलात ॲसिटेट सोडलं, जिओबॅक्टर फोफावला, युरेनियम झपाट्यानं खाली आलं. मग जवळपासचं वापरण्याजोगं फेरिक लोह संपलं, सल्फेटवर जगणारे जिवाणू वरचढ झाले आणि युरेनियम पुन्हा चढू लागलं. कोलारच्या बाजूचं पाणी याहून अवघड. ते कडक खडकाच्या भेगांतून येतं, त्यात बायकार्बोनेट आणि कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियमनं बांधलेलं युरेनियम सायटोक्रोमला लवकर जुमानत नाही. त्यात भर शेतातल्या खतांच्या नायट्रेटची. नायट्रेट समोर असेल तर जिवाणू लोहाकडे किंवा युरेनियमकडे वळतच नाहीत, आणि एकदा बसवलेलं युरेनियमही नायट्रेटमुळे पुन्हा विरघळतं. तेव्हा या पट्ट्यात कुणी जिओबॅक्टरचा प्रयोग सुचवला, तर त्यानं ॲसिटेटचं पिंप आणण्याआधी विंधणविहिरीतलं नायट्रेट मोजलेलं असावं.